पोच्यांसकट विकणे आहे

बोनेट उघडू नका, आवाज तिथून येत नाहीये. मी अख्खीच बोलतेय. फिकट निळी, गोलमटोल, समोरून जरा आश्चर्य वाटल्यासारखी दिसणारी गाडी, ती मी. मला 'डबी' म्हणतात. माझे पहिले मालक चष्म्याचे दुकानदार. मला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या, "अहो, ही गाडी आणलीत की चष्म्याची डबी?" झालं. कंपनीने पितळी अक्षरांत माझं नाव लावलं होतं, ते पुन्हा कुणी वाचलंसुद्धा नाही.

माझ्या जन्माबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एका लांबलचक शेडमधून एकीमागे एक अशा आम्ही बहिणी बाहेर पडलो. कुणी दारं बसवली, कुणी काचा. शेवटी एका तपासनिसाने माझा हॉर्न वाजवला, स्वतःच्याच कानात बोट घातलं आणि म्हणाला, "पास!" आयुष्यात मी दिलेली ती एकच परीक्षा. पुढच्या सगळ्या परीक्षा माझ्या घरच्यांनी दिल्या आणि नापास झाल्यावर खापर माझ्यावर फोडलं.

मालकांचंच बघा. सगळ्या शहराला चष्मे लावणारा हा माणूस स्वतः चष्मा लावायचा नाही. दुकानात गिऱ्हाइकाला पटवायचे, "चष्म्याने चेहऱ्याला वजन येतं हो!" आपला चेहरा मात्र हलका ठेवायचे. मालकीणबाईंनी विचारलं की म्हणायचे, "मला लांबचं स्वच्छ दिसतं." दिसत असेल. मी आपटायचे ती जवळच्या गोष्टींवर. मग ते खाली उतरायचे आणि झाडावर डाफरायचे, "हे इथे कुणी लावलं?" ते झाड त्यांच्या वडिलांपेक्षा मोठं असायचं. मोठ्या माणसांची ही खोड मी तेव्हाच ओळखली. वाकडं काही झालं की आधी बोट वर करायचं, आणि ते दुसऱ्याकडे वळवायचं.

एक मात्र कबूल करते. माणूस टापटिपीचा. माझ्या प्रत्येक दुरुस्तीची पावती त्यांनी भोक पाडून फाइलला लावली. दोन्ही मुलांच्या प्रगतिपुस्तकांचा आज पत्ता नाही, पण माझ्या पहिल्या पंक्चरची पावती विचारा, लगेच मिळेल.

ती दोन मुलं माझ्या मागच्या सीटवर वाढली. वाढली म्हणजे थोरला ओकायचा, आणि त्याच्याकडे बघून धाकटा ओकायचा. पुढे दोघांना मिशा फुटल्या, दोघं माझ्यावरच गाडी शिकले, आणि शिकल्याबरोबर दोघांच्याही अंगात बापाचा रुबाब आला. थोरल्याने दुकान चालवायला घेतलं. धाकटा एका कचेरीत मोठा साहेब झाला आणि घरातही साहेबासारखाच बोलू लागला. मालक गेले, मालकीणबाई गेल्या, आणि मला ताडपत्री घालून फाटकाच्या आत उभं केलं. वर्षानुवर्षं. माझ्या टपावर मांजरं झोपायची. त्यांचा राग नाही. निदान ती रोज यायची तरी.

मग एक दिवस कुणीतरी ताडपत्री खसकन ओढली आणि माझ्या तोंडावर टॉर्च मारला. थोरल्याची मुलगी.

हिला घरात 'अर्धवट' म्हणतात, कारण हिने इंजिनीअरिंगचं कॉलेज अर्ध्यात सोडलं. का सोडलं, ते तिने जेवणाच्या टेबलावर एकदाच सांगितलं होतं: "तिथे इंजिनाचं चित्र काढायला लावतात, आणि इंजिन असतं कुलूपबंद खोलीत." त्या दिवसापासून त्या टेबलावर रोज तिचे दोष वाढले जातात. थोरला सुरुवात करतो, धाकटा वाढत जातो. ही एका गॅरेजात कामाला लागली. राहते भाड्याच्या खोलीत, पण रात्री जेवायला ग्रीसने माखलेल्या हातांनी घरी येते, ताटावर बसते, ऐकून घेते, आणि जेवण झालं की माझ्याकडे येते. सुट्टीच्या दिवशी तर सकाळपासून माझ्याखाली नुसते तिचे पाय दिसायचे. आणि एका सकाळी मी खोकले, शिंकले, काळा धूर सोडला आणि सुरू झाले! धाकटा गॅलरीतून ओरडला, "अगं, कपडे वाळत घातलेत!" पोरगी स्टीअरिंगवर डोकं ठेवून हसत होती. त्या दिवशी आम्ही दोघी नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. वाटेत बसमधल्या माणसांनी हात केले. इतक्या वर्षांनी अंगावरून वारा गेला की कसं वाटतं, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. टायर असावे लागतात.

आणि त्यानंतर धाकट्याने जाहीर केलं, की माझी जागा त्याच्या नव्या उंच काळ्या गाडीला हवी आहे.

पोरीने भांडून पाहिलं. पण तिची भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि मला जिना चढता येत नाही. शेवटी ती म्हणाली, "विका. पण जो चालवेल त्यालाच."

धाकट्याने गिऱ्हाईक आधीच बघून ठेवलं होतं. एक फर्निचरवाला. त्याला मी दुकानाच्या काचेआड हवी होते. इंजिन काढून टाकायचं, मागच्या सीटचा सोफा करायचा, आणि बोनेटवर फुलदाणी. अट एकच, गाडी नव्यासारखी चकचकीत पाहिजे. रंगाऱ्याने येऊन नमुना म्हणून माझ्या डाव्या मडगार्डवरचा पोचा पुट्टीने भरला आणि वर निळा रंग मारला. आरशासारखा. माझ्या अंगावर ती एकच जागा मला परकी वाटत होती.

पोरीने काय केलं असेल? माझ्या एकेका पोच्याचा जवळून फोटो काढला आणि जाहिरात टाकली: "एकाच घरात वाढलेली. सगळे कागद आहेत. सगळे पोचेही आहेत. धावते."

धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "नोकरीच्या अर्जात कुणी लिहितं का, मी आळशी आहे म्हणून?"

"तू लिहायला हवं होतंस, काका. कचेरीचं भलं झालं असतं."

फर्निचरवाला रविवारी संध्याकाळी टेम्पो घेऊन येणार होता. त्याच दुपारी फाटकातून एक बाई आत आल्या. पिकलेले आखूड केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, हातात लोहचुंबक. दातांच्या डॉक्टर. गावोगावच्या शाळांतून पोरांचे दात तपासत फिरतात, आणि त्यासाठी त्यांना गाडी हवी होती. नवी नको म्हणाल्या. नव्या गाडीला काय झालंय ते तिच्या कंपनीशिवाय कुणाला कळत नाही.

त्यांनी फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, अधूनमधून हसल्या, मग माझ्याभोवती फिरत चुंबक लावत गेल्या. टप, चिकटलं. दार, चिकटलं. बोनेट, चिकटलं. डावं मडगार्ड. चुंबक सुळकन घसरून खाली पडलं.

"इथे पत्रा नाही, पुट्टी आहे," त्या म्हणाल्या. "इथे काय झालं होतं?"

धाकट्याची दातखीळ बसली. तीही दातांच्या डॉक्टरांसमोर. मग म्हणाला, "काही नाही, तिथे मुळातच डिझाइन तसं आहे."

डॉक्टरबाईंनी चुंबक उचलून पर्समध्ये टाकलं. "असं आहे, की किडक्या दाताची मला भीती नाही. तो मी दिवसभर बघते. पण वरून टोपी चढवून 'काही नाही' म्हणणारा पेशंट मी परत पाठवते. येते मी." आणि त्या खरंच फाटकाकडे वळल्या.

फुलदाणी! माझ्या डोळ्यांसमोर ती फुलदाणी उभी राहिली.

"थांबा!" पोरगी पत्र्याची खरवडणी घेऊन माझ्याजवळ आली आणि तिने तो नवाकोरा रंग खर्रकन ओरबाडला. निळे पापुद्रे, पांढरा भुगा, आणि आत माझा जुना पोचा, जसाच्या तसा.

"अगं, पैसे दिलेत त्याचे!" धाकटा किंचाळला.

"हा पोचा घरात माझ्या नावावर आहे," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. "कॉलेज सोडलं आणि गाडीही ठोकली, असं रोज ऐकते. मी ठोकलेली नाही. मी ताडपत्री काढली तेव्हा तो होता. कुणी ठोकली ते मला माहीत नाही, आणि या घरात कुणी सांगेल असं वाटत नाही. यांना माझे दोष झोपेत विचारले तरी येतात. गाडीचा एक सांगा म्हणा, एक!"

थोरला दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याची बायको, म्हणजे पोरीची आई, आतून हात पुसत आली आणि नवऱ्याकडे नुसतं बघत राहिली. त्या बघण्यासमोर मी कितीदा इंजिन बंद पडताना पाहिलंय.

"मी," थोरला म्हणाला.

"काय मी?" बायकोने विचारलं.

"मी ठोकली. आपल्याच फाटकावर. रिव्हर्स टाकायला गेलो आणि पुढेच गेली. ताडपत्री घातली ती त्याच दिवशी. मग हिने गाडी काढली, तेव्हा कुणीतरी म्हणालं हिनेच ठोकली असणार. मी काही बोललो नाही."

"कुणीतरी म्हणजे मी म्हणालो!" धाकटा उसळला. "आणि तू मला बोलू दिलंस? दादा, मी या पोरीला त्यावरून इतकं—"

"तुला कोण अडवणार! आणि तू काय सांगतोस रे? डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो, तो कुणी बिघडवला?"

"तो... तो मी. गाणं वाजतं का बघत होतो."

पोरीची आई पदराआड फिसकन हसली. मग डॉक्टरबाईंनी दात काढले. मग सगळ्यांनीच. आणि काय सांगू तुम्हाला, एकदा बूच उडाल्यावर ते दोघं थांबेचनात! पावसात ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्यावर पाणी गळतं. मागचं दार आतून उघडत नाही. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर असतो, टाकी रिकामी असली तरी. हा पोचा बाबांचा, झाड आडवं आलं होतं. हा आईचा, ती सांगायची तसा नारळ पडून नव्हे, शेजाऱ्याच्या कुंडीला धडकून. एकमेकांचं तोंड धरत, मला थापट्या मारत, दोन टकले पुरुष माझ्याभोवती पोरांसारखे नाचत होते. उभ्या जन्मात माझं इतकं कौतुक झालं नव्हतं, आणि झालं तेही दोषांची यादी वाचून!

"मुलीला काही म्हणायचं राहिलंय का?" डॉक्टरबाईंनी थोरल्याला शांतपणे विचारलं.

थोरल्याने पोरीच्या हातातून खरवडणी घेतली आणि सदऱ्याला पुसली. मग म्हणाला, "चुकलं माझं." आणि लगेच, "पण कॉलेज पूर्ण करायला हवं होतंस."

"बाबा!"

"बरं, बरं. एवढंच. चुकलं."

संध्याकाळी फर्निचरवाल्याचा टेम्पो आला, तेव्हा फाटकाच्या आत तेलाचा एक गोल डाग तेवढा होता. टेम्पो येण्याआधीच सौदा झाला होता. पोरीने डॉक्टरबाईंना रिव्हर्स शिकवला, गिअरची मूठ वर उचलून, जरा लाडाने. मग किल्ली देताना तिने माझ्या टपावर कपाळ टेकलं आणि माझ्या कानात, म्हणजे बाजूच्या आरशात, म्हणाली, "पळ आता."

मी पळतेय. सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी. पोरं मैदानात माझ्या धुळीवर बोटाने दात काढतात, कुणाचे सरळ, कुणाचे मधला एक पडलेला. महिन्यातून एकदा डॉक्टरबाई मला पोरीच्या गॅरेजात नेतात. ती बिल चोख लावते, सूट देत नाही, आणि तासभर गप्पा मारते.

घरातल्या मोठ्यांनो, जाता जाता एक मागणं. तुमच्याकडेही ताडपत्रीखाली काहीतरी उभं असेल. विकायचं तर विका. पण त्याला काय लागलंय, कुणी लावलंय, ते मोठ्याने सांगून विका. जीव जात नाही. मी पाहिलंय, उलट भूक लागते. त्या रात्री ती माणसं दुप्पट जेवली म्हणे.

डॉक्टरबाई आल्या. पुढच्या शाळेत पोरं आ वासून बसली असतील. सरका जरा, मला वळायला जागा लागते.