बोटाचे रक्त थांबेना

मित्रांनो, मी एक म्हातारे, संशयी यकृत आहे. एका शिंप्याच्या उजव्या बरगड्यांखाली राहते. गिळलेले औषध आधी माझ्या दारातून जाते आणि मी कुणावरही सहजी विश्वास ठेवत नाही.

बायको गेली तेव्हा शिंप्याचा डोळ्याला डोळा लागेना. कुणीतरी झोपेची जुनी, कडक गोळी दिली. यात काहीतरी पाणी मुरतंय, असे मला तेव्हाच वाटले. तिला फोडून टाकायला मी जादा कामगार ठेवले. तिचा गुण येईना, तशी शिंप्याने दोन-दोन घ्यायला सुरुवात केली. पुढे तिच्याशिवाय त्याचे पानही हलेना.

माझे कामगार आडदांड. हृदयाच्या झडपेच्या दुखण्यासाठी तो रक्त पातळ ठेवणारी गोळी घेई, तिचाही त्यांनी फडशा पाडला. तपासणीत रक्त घट्टच!

"काका, गोळी चुकवता ना?" डॉक्टरबाईंनी रोखून पाहिले.

"नाही हो, शपथ!"

झोपेच्या गोळीबद्दल मात्र त्याने लाजेने चकार शब्द काढला नाही. बाईंनी रक्ताच्या गोळीचा डोस वाढवला.

मग एकदा लेकीला सुयांच्या डब्यात झोपेच्या गोळ्या सापडल्या. "बाबा, आजपासून हे बंद!" म्हणत तिने सगळ्या फेकल्या. शिंप्याचे हात लटलटू लागले, घामाने सदरा भिजला, सुईत दोरा जाईना. फिट आली नाही हे नशीबच. हळूहळू हात स्थिरावले आणि लेक कौतुक करत सुटली. माझा संशय काही जाईना. काम संपल्यामुळे माझे जादा कामगार एकेक करून निघून गेले होते. वाढवलेला डोस मात्र रोज येतच होता, आणि आता तो रक्तात साठत होता.

एका दुपारी काज करताना सुई बोटात टोचली. रक्त थांबेना. कॉलर लाल झाली. हिरड्यांतूनही रक्त येऊ लागले. मी फार घाबरले. लेकीने त्याला डॉक्टरबाईंकडे नेले.

"नवीन काही सुरू केलंत?" बाईंनी विचारले.

"नाही हो."

खोटे नव्हते ते! मी आत तळमळत होते, पण मला वाचा कुठली? लेक बापाकडे बघत राहिली. शेवटी तो पुटपुटला, "सुरू नाही... बंद केलीय. झोपेची. चोरून घेत होतो."

"अहो, हे आधी नाही का सांगायचं? ती एकदम बंदही करायची नसते. आमच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची असते!" बाईंनी लगेच इंजेक्शन दिले, रक्ताच्या गोळीचा डोस कमी केला. रक्त थांबले.

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. डॉक्टरांना काय सुरू केले ते सांगता, तसे काय सोडले तेही सांगा. शिंपी पुन्हा काज करतो. तो सुई उचलतो तेव्हा माझे सगळे लक्ष अजून त्या बोटाकडेच असते.