चौदा हात

१९३४ साली अनसिंगच्या ख्रिस्ती मंडळीची संख्या रोडावली. मिशनच्या साहेबांनी कळवलं, मोजणीत मंडळीचे निदान बारा हात वर झाले तरच देऊळ आणि पाळक राहतील, नाहीतर कुलूप.

रविवारी पाळक शांतवनरावांनी उजव्या चटईवरचे पुरुष मोजले. नऊ भरले. डाव्या चटईवर चौदा बाया हात वर करून बसल्या होत्या. तिकडे त्यांनी पाहिलंच नाही.

त्यांतली देऊळ सारवणारी सोजरबाई उठली. तिचा नवरा देवळामागेच पुरला होता.

"आमाले मोजा, पाळकसाहेब."

"बाया मोजायची रीत नाही."

"सारवाले हे हात चालते, मग मोजाले काहून नाही?"

मंडळीचे पंच दावीदराव हसले. "आज मोजलं, त उद्या पंच व्हसान!"

"व्हऊ. तुमच्यानं कोठी टिकलं देऊळ?"

शांतवनरावांनी कागदावर नऊच लिहिले. बायांना मोजण्यापेक्षा या शहाण्याने आपली नोकरी घालवणं पत्करलं.

पुढच्या रविवारी देवळाला कुलूप होतं. शांतवनराव बैलगाडीत सामान भरत होते. सोजरबाईने बाहेर ओट्यावर एकच चटई अंथरली आणि बाया गाऊ लागल्या. दावीदराव बराच वेळ लांब उभे राहिले. मग जवळ येऊन म्हणाले, "बसू का?"

"बसा," सोजरबाई म्हणाली. "पंधरावे तुमी."