पाठीला पाठ

“आडवो पड रे! खुर्चेर बसान ताप उतारता काय?” कार्मेलिनाने नवऱ्याला पलंगावर ढकललंच.

कुस्तोदियो उताणा झाला आणि लगेच धडपडत उठून बसला. “आडवो पडलंय काय लगेच छातीर कोणतरी बसल्यासारख्या वाटता गो.”

“तुज्या छातीर चडान बसात असो कोण आसा?” दारातून शेजारची आनंदी हसली. “भिया नको गो कार्मेलिना. अंगार मांस आसा. बारीक माणूस तापान मोडता, हेका काय जातला?”

कार्मेलिनालाही इतकी वर्षं तसंच वाटत आलं होतं. लग्नात काडीसारखा असलेला हा माणूस आपल्या हातचं खाऊन भरला, याचा तिला अभिमान होता. मे महिन्यात वाडीतल्या खुरसासमोर, म्हणजे रस्त्याकडेच्या क्रुसासमोर, लदीन, म्हणजे सगळ्यांची मिळून प्रार्थना असली, की शेवटचा सूर तो ट्रंपेटवर इतका लांबवी की पोरं गाल फुगवून त्याच्याशी पैज लावत. एवढी ज्याची छाती, त्याला ताप-खोकल्याचं काय!

आजही लदीन होती. “मी येतलंय,” म्हणत त्याने ट्रंपेट ओठांना लावला. सूर निघाला, थरथरला आणि तुटला.

“तोंड... सुकला,” तो म्हणाला. तेवढ्या दोन शब्दांतही तो मध्ये थांबला होता. ओठ जांभळट दिसत होते.

कार्मेलिनाने रिक्षा बोलावली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजनचा आकडा पाहिला. “यांना झोपवून ठेवलं होतं का?”

“हो. मीच झोपवत होते.”

“उताणं अजिबात नको. फ्लू फुफ्फुसात उतरलाय. त्यात पोटाचा भार छातीखालचा पडदा वर ढकलतो, फुफ्फुसांचा खालचा भाग नीट उघडत नाही. वजन जास्त असलं की हा आजार जास्त जड जातो. ओरोसला जिल्हा रुग्णालयात न्या. बसवूनच.”

रुग्णवाहिकेत ऑक्सिजन लावला होता, स्ट्रेचरची पाठ उचलली होती, तरी प्रत्येक वळणाला तो खाली घसरे. शेवटी कार्मेलिना त्याच्यामागे चढून बसली, पाठीला पाठ लावून.

“चेपतलंस गो,” मास्कमधून आवाज आला.

“गप रव. बोलान दम घालव नको.”

वाटेत खुरीस लागला. मेणबत्त्या पेटल्या होत्या, लोक गात होते. गाडी पुढे गेली, गाणं मागे राहिलं.

तिच्या पाठीला टेकून एक श्वास वर आला, खाली गेला. मग काहीच नाही. तिने टाचा रोवल्या आणि पुढच्या श्वासाची वाट पाहत ताठ बसून राहिली.