हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावी

मी नोटीस बोलतेय. परतूरच्या कचेरीच्या दाराशेजारी चौदा दिवस चिकटवलेली लग्नाची नोटीस. आधीच सांगते, मी गोड बोलणार नाही. ज्यांना गोड हवंय त्यांनी लग्नपत्रिका वाचाव्यात. त्यांना कुंकू लागतं, मला खळ लागली.

निजाम सरकारच्या एका कारकुनाच्या टाकातून माझा जन्म झाला. वर उर्दू, खाली चार ओळी मराठी. वाटूरची नंदाबाई, वय चोवीस, विधवा. परतूरच्या जिनिंगमध्ये कामाला असलेला राधाकिसन, धनगराचा, वय सव्वीस. दोघं कायद्यानं लग्न करू इच्छितात, कुणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावी. बस्स, एवढीच मी. यात कुणाच्या बापाचं काय गेलं?

पण लोकांचा गराडा पडला. वाचता बहुतेकांना येत नव्हतं, म्हणून कचरू शिपाई मला मोठ्यानं वाचायचा. मेला! 'विधवा' लिहिलंय तिथं 'पळून आलेली' वाचायचा. ऐकणारे माना डोलवायचे, पुन्हा वाच म्हणायचे. मला दात असते तर त्याचं बोटच चावलं असतं. माझ्या अंगावर जे नाही तेही माझ्या नावावर खपलं, आणि बाजारच्या गाड्यांबरोबर वाटूरला पोचलं.

सहाव्या दिवशी नंदाबाईचा दीर आला, भुजंग. नवरा वारल्यापासून तीन वर्षं ती याच्या शेतात राबत होती, एका पैशाची मजुरी न मागता. ती गेली तर कापूस कोण वेचणार, हे त्याचं खरं दुखणं. लग्नं नोंदवणाऱ्या साहेबांपुढं मात्र तो घराण्याच्या इज्जतीचं बोलला. साहेब म्हणाले, जात वेगळी म्हणून कायदा अडत नाही. बाईला जिवंत नवरा असला तर अडेल.

भुजंग घरी गेला आणि दोन दिवसांनी नवरा घेऊन आला. नवरा कोण? तो स्वतःच! म्हणे मागल्या साली माझा हिच्याशी पाट लागला. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्याला कागद लागत नाही, नोटीस लागत नाही, चार माणसं हो म्हणाली की झालं. वा रे न्याय! खऱ्यानं चौदा दिवस भिंतीवर लटकायचं आणि खोट्यानं नुसती मान हलवायची. पाट खरा ठरला असता तर नंदाबाईला भुजंगाची बायको म्हणून त्याच घरात परत जावं लागलं असतं. ती त्या दिवशी माझ्यासमोर बराच वेळ उभी होती. रडली नाही, माझा सुटलेला कोपरा तेवढा दाबून गेली.

चौदाव्या दिवशी चौकशी झाली. भुजंगानं साक्षीला आपली आई आणली, साळूबाई, म्हणजे नंदाबाईची सासू. वाटेत गाडीत तिला बराबर पढवलं होतं. दार उघडं होतं, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

साहेबांनी विचारलं, "बाई, तुमची हरकत काय?"

"हरकत न्हाई," साळूबाई म्हणाली.

भुजंग हसला. म्हातारीला तशी बोलायची सवयच आहे म्हणाला, भाकरी वाढू का विचारलं तरी हरकत न्हाई म्हणते. तिला पाटाचं विचारा. साहेबांनी पाटाचं विचारलं.

साळूबाईनं पदर सारखा केला. "पाट लागला न्हाई. माझ्या घरात लागला असता अन् मलाच ठाव नसता व्हय? अन् हरकत न्हाई म्हणले ते सवयीनं न्हाई म्हणले, साहेब. इचार करून म्हणले."

भुजंग तरातरा निघाला आणि आईला तिथंच टाकून गाडी हाकली. दुपारी राधाकिसननं सही केली, नंदाबाईनं अंगठा दिला. म्हातारी दारात उभी होती, कुठं जावं ते तिला कळेना. नंदाबाई म्हणाली, "चला आत्या, आमच्याकडं."

साळूबाई जागची हलली नाही. माझ्याकडं बोट करून तिनं विचारलं, ह्यात काय लिहिलंय? राधाकिसननं सांगितलं, कुणाची हरकत आहे का ते विचारलंय.

"तुला आणली तव्हा तू अकरा वर्साची होतीस," ती सुनेला म्हणाली. "माझा थोरला तिशीचा. तव्हा असं कुनी इचारलं न्हाई. मी बी न्हाई."

नंदाबाईनं तिचा हात धरला आणि तिघं जिनिंगच्या वाटेनं गेली.

आता मी दप्तरखान्यात एका गाठोड्यात पडून आहे. वाळवी माझ्या उर्दूपर्यंत आलीय, मराठी अजून शाबूत आहे. ती खाऊन टाकायच्या आत एक सांगते. दोन जाणत्या माणसांच्या सुखात खोडा घालायला मला भिंतीवर लावता ना? मग एकदा अकरा वर्षांच्या पोरीच्या मांडवाच्या खांबाला लावा. चौदा दिवस नकोत, एक दुपार पुरे. तिला जवळ बसवून मला नीट वाचून दाखवा, आणि तिची हरकत आहे का ते तिलाच विचारा. ती काय म्हणते ते लिहून घ्या.