जपमाळेचं शेपूट

आमच्या घरात कुणी कुणाला तोंडावर काही सांगत नाही, काय असेल ते मरियामातेला सांगतात. संध्याकाळचा चहा आटोपला की सगळे गुडघ्यावर, कोपरं खुर्चीवर, हातात जपमाळ. माळ संपली की तिचं शेपूट सुरू, एकेकाच्या नावानं एकेक 'नमो मरिया' प्रार्थना. हे शेपूट माझी भावजय डेलिया लावते, आणि ते माळेहून लांब. "मॅलकीची दारू सुटू दे." मॅलकी म्हणजे माझा भाऊ, तिचा नवरा, तिथंच शेजारी गुडघ्यावर! "सबीनाची जीभ जरा आवर." सबीना म्हणजे मी. आणि शेवटी, न चुकता, कोलमन.

कोलमन तिचा थोरला. लिव्हरपूलच्या तुरुंगात आहे. बांधकामावरची तांब्याची तार चोरून विकली, गाढवानं.

कोलमनची धाकटी बहीण अट्राक्टा. गेल्या शुक्रवारी तिनं पसंत केलेला फर्गल आपल्या आईला घेऊन येणार होता, लग्नाचं बोलायला. त्याची आई, टिअर्नीबाई, जवळच्या बॅलिना गावच्या शाळेत मुख्याध्यापिका. अट्राक्टानं सकाळीच भावाचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात कोंबला.

"आई, त्यांना मी सांगितलंय, मी एकुलती एक आहे."

डेलिया बटाटे सोलत होती. तिचा हात थांबला.

"आज शेपूट नको. पाया पडते तुझ्या. त्यानं स्वतःची अब्रू घालवली ती घालवली, माझं लग्न कशाला मोडायचं?"

"अगं, पण मरियामातेला काय सांगू?"

"ती काय हजेरी घेते? एक दिवस नाव नाही घेतलं तर आभाळ कोसळत नाही!"

डेलियानं माझ्याकडं बघितलं. आणि माझ्या ज्या जिभेसाठी रोज प्रार्थना होते, तीच जीभ म्हणाली, "पोरीचं ऐक गं. एकच तर दिवस."

पाहुणे आले. तळलेला मासा झाला, मनुकांचा पाव झाला. टिअर्नीबाई काठीसारख्या ताठ, पण बोलायला बऱ्या. चहा संपल्यावर म्हणाल्या, "जपमाळ तुमच्याबरोबरच होऊ दे की."

मे महिना मरियेचा, त्यामुळं मूर्तीपुढं निळ्या फुलांचा ढीग. शुक्रवार, म्हणजे माळेत दुःखाची पाच रहस्यं, एकेकानं एकेक सांगायचं. पाचवं नेहमी डेलियाचं. मुलगा क्रुसावर, आई पायथ्याशी. मध्येच तिची नजर कपाटाकडं गेली. मॅलकी उगाच खाकरला.

माळ संपली. शेपूट कुणी लावलं नाही.

"तुमच्याकडं कुणासाठी मागत नाहीत?" टिअर्नीबाईंनी विचारलं. "आम्ही माझ्या नवऱ्यासाठी मागतो. पितो तो. सगळ्या बॅलिनाला ठाऊक आहे, मग मरियामातेपासून काय लपवायचं?" त्यांनी 'नमो मरिया' म्हटली, आम्ही साथ दिली. "आता तुमचं सांगा."

डेलियानं लेकीकडं बघितलं. लेकीनं हळूच मान हलवली. नाही. मी फरशीकडं बघत राहिले.

"आमचं काही नाही," मॅलकी म्हणाला.

सगळे उठले. डेलिया उठली नाही.

"ऊठ ना आई, काय हे!" अट्राक्टा कुजबुजली.

"माये," डेलिया मूर्तीला म्हणाली. हळूच म्हणाली, पण आमचं स्वयंपाकघर ते केवढं! "तुझ्या पोरालाही चोरांबरोबर टांगलं होतं. तू उभी राहिलीस, सगळ्या गावादेखत. आणि मी आज माझ्या पोराला नाकारलं."

फर्गल अट्राक्टाकडं बघायला लागला. ती कानापर्यंत लाल. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

टिअर्नीबाई परत गुडघ्यावर बसल्या, डेलियाच्या शेजारी.

"नाव काय त्याचं?"

डेलिया नुसती लेकीकडं बघत होती.

"कोलमन," अट्राक्टा म्हणाली. "माझा थोरला भाऊ. तुरुंगात आहे." आणि खुर्चीवर डोकं टेकून रडायला लागली. फर्गलही खाली बसला, पण तिच्यापासून जरा लांब. लग्नाचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही, अजूनही निघालेला नाही.

आमच्या कोलमनसाठी परकी बाई प्रार्थना म्हणत होती, आणि घरच्यांचा आवाज निघत नव्हता. माझा तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी शेपटात कोलमन पहिला आला. माझ्या जिभेसाठी डेलियानं काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं वाटलं असतं.