उजव्या हाताचा सी.ए.

पाच महिन्यांत माझ्या ऑफिसात जी माणसं आली, त्यातली बहुतेक गव्हाचे डबे घेऊन आली. बोरिवलीच्या त्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर पिठाची गिरणी होती आणि रांग लांबली की लोक जिन्यावर येऊन बसत. एखादी बाई दारातून विचारी, "दळण इथे ठेवलं तर चालेल?" मी चार्टर्ड अकाउंटंट आहे असं सांगितलं की ती म्हणे, "बरं, मग जरा लक्ष ठेवा."

माझ्या समोरच्या दारावर पाटी होती मार्तंडराव टिपणीस, करसल्लागार. तीस वर्षं त्यांचा जम बसलेला. त्यांच्याकडे बसायला जागा नसे, म्हणून त्यांची माणसं माझ्या बाकावर येऊन बसत आणि वर मला पंखा वाढवायला सांगत.

अशात मला एका बँकेच्या नोकरीचं पत्र आलं. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. माझी बायको वसुधा शाळेत गणित शिकवते, तिला घोळ घातलेला चालत नाही. ती म्हणाली, "नंदू, शनिवारपर्यंत एक गिऱ्हाईक दाखव. एकच. नाहीतर गपचूप नोकरी धर." मला नोकरी नको होती. सात वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबून मी विटलो होतो. दारावरची स्वतःच्या नावाची पाटी मी रोज सकाळी रुमालाने पुसायचो. पीठ बसतं म्हणून पुसतो, असं लोकांना सांगायचो.

सोमवारी दत्ताराम चिंदरकर आला. पंचेचाळिशीचा माणूस, नखांत पिस्ता रंग अडकलेला. हाही आधी गिरणीत होता, पण कापडाच्या. ब्याऐंशीच्या संपात ती सुटली, तेव्हा भावकीतल्या चौघांना घेऊन तो रंगाची कंत्राटं घ्यायला लागला. आता दिंडोशीच्या एका वसाहतीतल्या अकरा इमारती त्याला मिळत होत्या. पण त्यासाठी मागच्या तीन वर्षांचं इन्कम टॅक्सचं सर्टिफिकेट हवं होतं, आणि दत्तारामने जन्मात रिटर्न भरलेलं नव्हतं.

खुर्चीवर बसायच्या आधी त्याने माझ्या भिंतीवर बोटाने टकटक केलं.

"लांबी भरूक नाय, भेगो तशेच ठेवल्यान. वरच्यावर एकच हात मारल्यान. रंगाऱ्यान तुमका किती सांगितल्यान?"

"दोन हात."

"बघा! म्हणान माणूस पारखून घेवचो लागता," तो म्हणाला आणि मला पारखायला लागला. वय काय, मुलं किती, याआधी कुठे होता, तिथून का सुटलात. मुलगी दाखवायच्या वेळी वसुधाला एवढे प्रश्न विचारले नव्हते. शेवटी तो पुढे वाकला. "इन्कम टॅक्साच्या साहेबान इचारल्यान, तीन वर्षां झोपलं होतंस काय, तर तुम्ही काय सांगतलास?"

"खरं असेल ते. चूक झाली, दंड भरतो, म्हणून सांगणार."

दत्तारामचा चेहरा पडला. तो उठला आणि सरळ समोर टिपणिसांकडे गेला. पाऊण तासाने परत आला तेव्हा मी न राहवून विचारलं, "काय म्हणाले ते?"

"'बघू' म्हणाले."

"एवढंच?"

"एवढाच. तुम्ही सांगितलात ता सगळा माका समाजला. त्यांचा काय्येक समाजला नाय. पण बोलण्यात वजन हा."

मला असा राग आला की सांगता सोय नाही. खरं बोलणाऱ्याचं वजन शून्य आणि 'बघू' म्हणणाऱ्याचं मणभर! पण दत्ताराम माझ्याही प्रेमात होता आणि त्यांच्याही. तेव्हा त्याने ठरवलं, गावच्या देवाला कौल लावायचा. देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावी त्याचा भाऊ धोंडू होता आणि एस.टी.चा कंडक्टर ओळखीचा होता. समोरासमोर दोन सी.ए. आहेत, कोण घ्यायचा ते देवाला विचार, अशी चिठ्ठी त्याच रात्री गेली.

चार दिवस माझं लक्ष कशातच लागलं नाही. सात वर्षं परीक्षा देऊन सी.ए. झालो आणि माझं भवितव्य आता एका फुलाच्या पाकळीला चिकटलं होतं.

शुक्रवारी दुपारी दत्ताराम आला. बसला नाही. खिशातली धोंडूची चिठ्ठी त्याने माझ्यापुढे ठेवली. 'एक सी.ए. डाव्या हाताक, एक उजव्या हाताक, कोण घेवचो, असा देवाक इचारलंय. उजवो पडलो. भात कापून झाला. चादर धाडून दे.'

"जिनो चढलंय की उजव्या हाताक टिपणीस," दत्ताराम खाली बघत म्हणाला. "तुमका सांगल्याशिवाय जावचा बरा दिसणा नाय. माणूस तुम्ही लाखात एक."

आता खरं बोलायचं तर धोंडूचा प्रश्नच चुकला होता. उजवा म्हणजे 'हो'. 'हा की तो' असं विचारल्यावर देव बिचारा 'हो' म्हणाला होता. एवढंच सांगून मी गप्प बसायला हवं होतं. पण मग पुन्हा चिठ्ठी, पुन्हा कंडक्टर, आणि शनिवार तर उद्यावर आलेला. मी चिठ्ठी घडी करून त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "चिंदरकर, जरा वर चला."

आमचा जिना सरळसोट होता. खालून पहिल्या मजल्यावर आणि तसाच पुढे गच्चीवर. मी त्याला गच्चीवर नेलं. मग दोघंही खाली उतरलो आणि आमच्या दोन दारांच्या मधोमध, त्याचं तोंड खालच्या पायऱ्यांकडे असतानाच, मी त्याला थांबवलं.

"आता उजव्या हाताला कोण?"

त्याने स्वतःचा उजवा हात उचलून बघितला. "तुम्ही."

"देव कुठून बघतो? वरून की खालून?"

"वरसून."

"मग? देव काय पिठाच्या गिरणीतून जिना चढून येणार आहे?"

बोलून गेलो आणि माझी मलाच लाज वाटली. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी नवससुद्धा बोललेला नाही, आणि मी गिऱ्हाइकासाठी देवाला गच्चीवर नेऊन बसवला होता. जिन्यावर डबे घेऊन बसलेल्या बायका टक लावून बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "बरोबर बोलतायत हो ते."

दत्तारामने मान वर करून गच्चीकडे बघितलं. मग हसायला लागला. इतका हसला की त्याला कठडा धरावा लागला.

"देवान तर टिपणीस सांगितल्यान होते," तो डोळे पुसत म्हणाला. "ता माका म्हायत हा, तुमकाही म्हायत हा. पण तुम्ही देवाच्या डाव्याचा उजवा केलात! माका वाटला, तुमका खरा बोलण्यापलीकडे काय येणाच नाय. म्हणान तर अडला होता. आता बोलणाच खुंटला. तुम्हीच माझे सी.ए."

"मी खोट्या कागदावर सही करणार नाही हं, चिंदरकर," मी घाईघाईने म्हणालो.

"सही कोण सांगता? तुम्ही फकस्त साहेबाक जिन्यार उभो करा."

तो तीन वर्षांच्या पावत्या आणायला गेला. मी खुर्चीत येऊन बसलो. मला अतोनात आनंद झाला होता आणि तो कुणाला सांगता येण्यासारखा नव्हता. संध्याकाळी वसुधाने विचारलं, "त्याला तुझं काय आवडलं?" मी म्हटलं, "स्वभाव."

शनिवारी बँकेला नकार कळवला. नकाराचं कारण लिहायला दोन ओळी सोडल्या होत्या. मी लिहिलं, 'स्वतःचा व्यवसाय सुरू झाला आहे.' कसला, ते लिहायचं धाडस झालं नाही.