येशाचे दोन निळे ग्लास

आमच्या येशाची नोकरी म्हणजे दारू हुंगायची. हसू नका. बेंगळूरच्या एका कंपनीत परदेशातनं आलेली स्कॉच घ्यायजोगी हाय का न्हाय, ते ह्यो सांगतो. घोट तोंडात फिरवायचा नि थुकायचा. एक थेंब गिळत न्हाय माझं लेकरू. पण त्याच्या आप्पांना ते पटंल तर शप्पत! गाव त्यांना देवाप्पा म्हणतं. निपाणीच्या वखारीत उभा जन्म तंबाखूची पारख केली त्यांनी. रोज बुद्धवंदना, रोज पंचशील. "दारूच्या धंद्यातलं पोरगं माझं न्हवं," म्हणाले, आणि बोलणंच टाकलं.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. बेळगावला मशिनीनं किरणांचा शेक दिला. डॉक्टर म्हणाले, वास-चव जाईल, सावकाश परत येईल. घरी आल्यावर हे म्हणाले, "आली की परत." मलाबी खरं वाटलं. जन्मात जेवणाला बरं न म्हणणारा माणूस रोज आमटीला "झकास" म्हणाय लागला. लई सुख वाटायचं बघा. परवा मातर दूध करपून घरभर वास सुटला, आणि हे शेजारीच पेपर वाचत बसलेले. "नाक गहाण ठेवलंय काय?" म्हणून मी तोंड सोडलं. हे नुसतेच हसले.

काल येशा आला, संगं एक बाटली घिऊन. थोडक्याच काढल्यात म्हणं असल्या; वेगवेगळ्या भट्ट्यांतल्या नुसत्या माल्टची, म्हंजी मोडाच्या जवाच्या दारूची, मिसळ. "आप्पा, एकदा वास तरी घ्या. मी काय करतो ते बघा." ह्यांनी मान फिरवली. माझंच डोकं फिरलं. "अवो, शिलात पिऊ नको म्हटलंय, हुंगू नको न्हवं!"

येशानं सतरंजीवर दोन ग्लास मांडले. रंग बघून मन फसू नये म्हणून निळे. एकात स्कॉच, दुसऱ्यात नुसतं पाणी. "तुमी तंबाखूवर पाणी शिंपडून वास काढायचा न्हवं, आप्पा? ह्यातबी दोन थेंब टाकायचे."

ह्यांनी हात पुढं केला आणि नेमका पाण्याचाच ग्लास उचलला. "आप्पा, त्यो..." येशा म्हणाय गेला. पण ह्यांनी डोळे मिटले होते, वखारीत मिटायचे तसेच. लांब श्वास घेतला.

"उन्हात वाळलेलं पान," म्हणाले. "वर जरा गूळ. मागनं धूर. चोख माल हाय, येशा. तुझं नाक माझ्यावर गेलंय."

येशानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं.

"व्हय आप्पा. मलाबी तसंच वाटलं."

"थुकतोस न्हवं?"

"थुकतो, आप्पा."

"मग ऱ्हा आज. जेवून जा."

मी आत जाऊन पदर तोंडात धरून रडून घेतलं. इतकं दिस त्यांचं ते झकास, झकास! माझं मन राखाय म्हणत होतं माझं माणूस, आणि मी येडी खूश होत होते.

ताटं वाढली. ह्यांनी पहिला घास घेतला. "आमटी झकास झालीया."

येशानं घास घेतला नि माझ्याकडं बघितलं. मी चाखली. रडायच्या नादात मीठ घालायचं ऱ्हायलं होतं.

"व्हय," म्हटलं, "आज जरा बरी जमलीया."

येशानं वाटी पुढं केली. "आई, मला अजून वाढ."